नवं फुफ्फुस आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी: एका उपचाराची हकिकत

अँटिबॉडीचा विषय माझ्या बाबतीत ऑपरेशनच्या बराच आधी निघाला. एप्रिल २०२१मध्ये प्रत्यारोपणासाठीच्या तपासण्या सुरू झाल्या. तोवर फायब्रोसिसनं फुफ्फुसं इतकी आक्रसली होती की घरातल्या घरात चालतानाही ऑक्सिजन लागायचा. माझी समजूत अशी की आता रक्तगट जुळला आणि छातीच्या मापाचं फुफ्फुस मिळालं की झालं. तपासण्यांच्या लांबलचक यादीत 'पीआरए' नावाची एक रक्ततपासणी होती, परक्या माणसाच्या पेशींविरुद्ध रक्तात आधीच अँटिबॉडी आहेत का हे बघणारी. तिचं रक्त घेण्याआधी समन्वयक सिस्टरांनी विचारलं, "दिवस किती वेळा राहिलेत, गर्भपात धरून? आजवर कधी रक्त चढवलंय? आधी कुठलं प्रत्यारोपण?" मला दोन मुलं, मधे एक गर्भपात, आणि धाकट्याच्या वेळी रक्तस्राव झाला म्हणून चढवलेलं रक्त. त्यांनी सगळं तारखांसकट लिहून घेतलं. तारखा मला नीट सांगता आल्या नाहीत. जुनी कागदपत्रं शोधण्यात एक आठवडा गेला. तुमच्यावर ही वेळ येणार असेल तर हे कागद आधीच काढून ठेवा.

आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, एक संच आईकडून आलेला, एक वडिलांकडून. गर्भारपणात बाळातली वडिलांकडची एचएलए आईच्या शरीराला परकी वाटतात आणि काही बायकांमध्ये त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. एरवी त्यांचा काही त्रास नसतो. पण पुढे त्याच प्रकारचं एचएलए असलेल्या दात्याचा अवयव बसवला, तर त्या आधीपासून तयारच असतात. रक्त चढवल्यानंही असंच होऊ शकतं. नवऱ्यानं हे ऐकून डॉक्टरांसमोरच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?" डॉक्टर म्हणाले, "शास्त्रानं बघायचं तर, हो." हा विनोद आम्हाला पुढे बरेच महिने पुरला.

माझा पीआरएचा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे बाकी सगळं जुळलं तरी शंभरातले साधारण चाळीस दाते माझ्यासाठी बाद. यादीवर नाव चढलं जुलैमध्ये, आणि सोबत एक दुसरी यादीही गेली: कुठल्या एचएलएचा दाता मला चालणार नाही. दात्याचं टायपिंग, म्हणजे त्याची एचएलए कुठली ते, हाती आलं की ते या यादीशी ताडून बघतात, याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. दात्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं सीरम प्रत्यक्ष एकत्र करून बघायची जुनी पद्धत अजूनही आहे. १९६९मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी किडनीच्या रुग्णांत दाखवून दिलं होतं की ती तपासणी पॉझिटिव्ह असताना अवयव बसवला तर तो बहुतेक वेळा लगेच निकामी होतो. पण फुफ्फुस शरीराबाहेर फार तास ठेवता येत नाही, त्यामुळे आधी कागदावर ताळा आणि मग धावपळ.

वाट पाहण्याच्या काळात मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. शक्यतो रक्त चढवून घ्यायचं नाही, आणि चढवावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं घ्यायचं. शिवाय रक्त चढवलं किंवा मोठा संसर्ग झाला की प्रत्यारोपण केंद्राला लगेच कळवायचं, म्हणजे ते पुन्हा नमुना घेतात. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे भरती झालात तर हे त्यांना तुम्हालाच सांगावं लागतं. तिथे कुणाला ते आपणहून सुचेल या भरवशावर राहू नका.

नोव्हेंबरमध्ये रात्री फोन आला, बॅग भरली, निघालो, आणि अर्ध्या वाटेत दुसरा फोन: क्रॉसमॅच जुळत नाही, परत जा. त्या रात्री मला अँटिबॉडींचा पहिल्यांदा राग आला. तोवर ती रिपोर्टवरची एक ओळ होती. नवरा गाडी वळवताना काहीच बोलला नाही, आणि ते बरंच झालं. आता वाटतं, तो दुसरा फोन ही व्यवस्था नीट चालल्याची खूण होती. आधीपासूनच्या अँटिबॉडी ताकदवान असताना फुफ्फुस बसवलं तर काही मिनिटांत किंवा तासांत ते निकामी होऊ शकतं. काही केंद्रं अशा रुग्णांनाही घेतात आणि ऑपरेशनच्या आसपास प्लाझ्मा बदलून, आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडींचं औषध) आणि एटीजी (प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी दाबणारं औषध) देऊन अँटिबॉडी दाबून ठेवतात. टोरंटोच्या केंद्राचं या बाबतीतलं काम प्रसिद्ध आहे. तुमचा आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात असेल तर आपलं केंद्र असं काही करतं का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रत्यारोपण झालं फेब्रुवारी २०२२मध्ये, दोन्ही फुफ्फुसांचं. त्या दात्याविरुद्ध माझ्या रक्तात एकही अँटिबॉडी नव्हती. ऑपरेशनबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे.

त्यानंतरचं आयुष्य गोळ्यांच्या वेळांवर चालतं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी तीन मुख्य औषधं, शिवाय संसर्ग होऊ नये म्हणून वेगळी. टॅक्रोलिमसची पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी मोजतात, म्हणून रक्त द्यायच्या सकाळी ती गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. हे इतक्यांदा सांगितलं जातं की कंटाळा येतो, पण कारण पक्कं आहे: ही पातळी कमी राहिली किंवा सतत वरखाली होत राहिली की नव्या अँटिबॉडी तयार व्हायला वाव मिळतो. बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन पातळी एकदम चढवतात, रिफॅम्पिसिन पाडतं. आणि असं औषध बंद केलं की पातळी उलट दिशेनं सरकते, हे पुष्कळदा सगळ्यांच्याच लक्षातून सुटतं. एका कंपनीचं टॅक्रोलिमस बदलून दुसऱ्या कंपनीचं मिळालं तरी आठवड्याभरात पातळी बघून घ्यावी. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणतो. तो चुकीचं बोलत नसतो, पण ते पुरेसं नसतं.

दात्याविरुद्धच्या अँटिबॉडींची, म्हणजे डीएसएची, तपासणी पहिल्या वर्षात ठरावीक अंतरानं होते. माझ्या केंद्रात ती पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करतात. मार्च, मे, ऑगस्ट, तिन्ही निगेटिव्ह. मधल्या काळात, जुलैमध्ये, पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या. विषाणूंवरचं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आणि मायकोफेनोलेट दोन्ही त्या कमी करतात. मायकोफेनोलेट निम्म्यावर आणलं, कारण तसंच चालू ठेवलं असतं तर एखादा संसर्ग जिवावर बेतला असता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "दाबणारं औषध कमी केलंय, तेव्हा डीएसए एकदा मधेच बघू." ती मधली तपासणी नोव्हेंबरमध्ये झाली आणि तिच्यात एचएलएच्या डीक्यू गटाविरुद्धची एक अँटिबॉडी निघाली. फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर नव्यानं येणाऱ्या अँटिबॉडींमध्ये हाच गट सगळ्यात जास्त आढळतो.

रिपोर्टवर एमएफआय नावाचा आकडा होता, तीन हजारांच्या आसपास. घरी येऊन पहिलं काम केलं ते हा आकडा इंटरनेटवर शोधण्याचं, आणि झोप घालवून बसले. तपासणीत एकेका एचएलएचा लेप दिलेले बारीक मणी रक्ताच्या नमुन्यात घालतात, अँटिबॉडी मण्याला चिकटली की तो चमकतो, आणि चमक किती ते मोजतात. एमएफआय म्हणजे ती चमक. रक्तात अँटिबॉडी किती आहे याचं ते सरळ माप नव्हे. अँटिबॉडी फारच जास्त असेल तर आकडा उलट खोटा कमी दिसू शकतो, म्हणून कधी कधी नमुना पातळ करून पुन्हा मोजतात. प्रयोगशाळा बदलली तरी आकडा बदलतो. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघावी. हे मला आमच्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर आलेख काढून समजावलं. तो कागद अजून फाइलला लावलेला आहे.

तेव्हा मला काहीच त्रास नव्हता. मी जिने चढत होते. घरच्या स्पायरोमीटरवर एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, २.१ लिटर. ती माझी आजवरची सर्वोत्तम पातळी. नुसती अँटिबॉडी दिसली आणि फुफ्फुस नीट चाललंय, अशा वेळी लगेच उपचार करावेत की थांबावं, यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. काही केंद्रं लगेच आयव्हीआयजी सुरू करतात, काही लक्ष ठेवतात. आमचं ठरलं असं: पांढऱ्या पेशी सुधारल्या होत्या म्हणून मायकोफेनोलेट पूर्ववत, टॅक्रोलिमसची पातळी थोडी वर, तीन-चार आठवड्यांत पुन्हा डीएसए, आणि घरी रोज सकाळी फुंकायचं. एफईव्ही-वन दहा टक्क्यांनी घसरून दोन दिवस तसाच राहिला तर फोन करायचा.

रोज त्याच वेळी, बसून, नाकाला चिमटा लावून फुंकायचं आणि तीनपैकी सगळ्यात चांगला आकडा वहीत लिहायचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वही अशी दिसत होती: २.०८, २.०५, १.९७, १.९०, १.८४. दम अजून लागत नव्हता. खोकला नव्हता, ताप नव्हता. मुलगी वही बघून म्हणाली, "आई, मशीन बिघडलं असेल." मलाही तेच हवं होतं. फोन केला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मोठ्या मशीनवर फुंकलं, १.८३. त्याच दिवशी भरती. ताज्या डीएसएचा आकडा नऊ हजार.

पुढचे काही दिवस निदानात गेले, आणि माझ्या मते हाच भाग सगळ्यात कठीण होता. अँटिबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनची (शरीरानं नवा अवयव नाकारण्याची), म्हणजे एएमआरची, अशी एक तपासणी नाही की जी हो किंवा नाही म्हणेल. हृदय आणि फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएसएचएलटीनं, २०१६मध्ये एकमतानं निकष ठरवले: फुफ्फुसाचं काम बिघडलेलं असणं, रक्तात डीएसए, बायोप्सीत साजेसे बदल, बायोप्सीतच सी-फोर-डी नावाच्या प्रथिनाचा डाग, आणि दुसरं कारण नसणं. सगळं असेल तर 'डेफिनिट', एक नसेल तर 'प्रॉबेबल', दोन नसतील तर 'पॉसिबल'. दुसरं कारण नाही हे ठरवायला सीटी स्कॅन झाला, आणि ब्रॉन्कोस्कोपी करून फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात जिवाणू, विषाणू, बुरशी सगळं तपासलं गेलं. त्याच वेळी बायोप्सीचे तुकडे घेतले. पाच तरी चांगले तुकडे हवे असतात, कारण बदल सगळीकडे सारखे नसतात. बायोप्सीनंतर फुफ्फुसाला छिद्र पडलं नाही ना हे बघायला एक्स-रे काढतात. थुंकीत थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. ताजं लाल रक्त येत राहिलं तर मात्र लगेच सांगा.

पेशींमुळे होणारं नेहमीचं रिजेक्शन बायोप्सीत नव्हतं. केशवाहिन्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जमलेल्या दिसल्या. सी-फोर-डी निगेटिव्ह. संसर्ग सापडला नाही. म्हणून निदान लिहिलं गेलं: क्लिनिकल एएमआर, प्रॉबेबल. मी डॉक्टरांना म्हणाले, "नक्की नाही, तर मग एवढे जड उपचार कशाला?" ते म्हणाले, फुफ्फुसात सी-फोर-डी निगेटिव्ह येणं काही दुर्मिळ नाही, आणि 'डेफिनिट'ची वाट बघत बसलं तर तोवर जे जाईल ते परत येणार नाही. मला हे पटायला एक पूर्ण दुपार लागली. या आजारात खात्री हप्त्याहप्त्यानं मिळते, आणि निर्णय आधी घ्यावे लागतात.

उपचारांत औषधांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी रक्त घेतात. रिटुक्सिमॅब नावाचं, प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी नष्ट करणारं औषध द्यायचं असेल तर हेपटायटिस बीची तपासणी लागते, कारण जुना, दबून बसलेला विषाणू त्या औषधानं उसळू शकतो. ही तपासणी आयव्हीआयजीच्या आधी व्हायला हवी. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते, त्यांच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात उतरतात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह दिसू शकतो. माझ्या वेळी पहिली बाटली लावायच्या तयारीत असताना एका तरुण डॉक्टरनं हे ओळखलं आणि आधी नमुना काढून घेतला. तीच गोष्ट डीएसएच्या नमुन्याची.

पहिले तीन दिवस शिरेतून मोठ्या डोसचे स्टिरॉइड. झोप उडते, साखर चढते, तोंडाला कडवट चव राहते, आणि रात्री तीनला माणूस कपाट आवरायच्या योजना करतो. त्यातच मानेत जाड कॅथेटर घातला आणि प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू झालं. रक्त मशीनमध्ये जातं, प्लाझ्मा वेगळा होतो, पेशी परत येतात, आणि काढलेल्या प्लाझ्माच्या जागी अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा रक्तदात्यांचा प्लाझ्मा देतात. बायोप्सी नुकतीच झालेली असल्यानं मला सुरुवातीला रक्तदात्यांचा प्लाझ्मा दिला, कारण नुसतं अल्ब्युमिन दिलं तर रक्त गोठवणारे घटक कमी पडून रक्तस्राव होऊ शकतो. एका वेळेला दोन-तीन तास लागतात. मशीनच्या बाजूला लटकलेली पिशवी हळूहळू भरत जाते, गढूळ पिवळ्या रंगानं. मी तिच्याकडे बघत बसायचे. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या अँटिबॉडी सगळ्या इथे आहेत बघा." "सगळ्या?" "बऱ्याचशा," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं ओठांभोवती मुंग्या येऊ लागतात, मग बोटांच्या टोकांना. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मुंग्या सुरू झाल्या की तेव्हाच सांगायचं. मशीनचा वेग कमी करतात, कॅल्शियम देतात, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. सोसत बसलात तर हातापायात गोळे येतात. रक्तदाबासाठी 'प्रिल'नं संपणाऱ्या नावाची गोळी घेत असाल, एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे, तर ती आधीच सांगा. ती चालू असताना प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून ती आधी थांबवतात. सकाळच्या बऱ्याच गोळ्या मशीननंतर घ्यायच्या असतात, नाहीतर त्यातल्या काही प्लाझ्माबरोबर निघून जातात. कुठली कधी, हे फार्मासिस्टकडून कागदावर लिहून घेतलं आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. पाळी बदलली की नव्या सिस्टर तो कागद वाचायच्या.

हे एकदा करून भागत नाही. दिवसाआड, पाच-सहा वेळा, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडींपैकी निम्म्याहून जास्त रक्तवाहिन्यांच्या बाहेर, ऊतींमध्ये असतात. विहीर उपसावी आणि झऱ्यांनी ती रातोरात पुन्हा भरावी, तसं आज रक्तातल्या काढल्या की बाहेरच्या आत येतात. म्हणून मधे एक दिवस सोडतात. प्रत्येक सेशननंतर छोट्या डोसची आयव्हीआयजी, आणि शेवटी मोठ्या डोसची, वजनानुसार, विभागून. आयव्हीआयजीनं मला भयंकर डोकेदुखी झाली. आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची गोळी, भरपूर पाणी, आणि बाटलीचा वेग निम्मा, एवढ्यानं पुढच्या वेळी निभावलं. वेग कमी केल्यावर बाटली रात्री उशिरापर्यंत चालते. सोबत असणाऱ्यानं त्या तयारीनं यावं.

रिटुक्सिमॅब सगळ्यात शेवटी दिलं. आधी दिलं असतं तर पुढच्या प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये तेही निघून गेलं असतं. पहिल्या तासात थंडी वाजून हुडहुडी भरली, औषध थांबवलं, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं कमी वेगानं पुन्हा सुरू केलं. ते बी-पेशी नष्ट करतं. पण अँटिबॉडी प्रत्यक्ष बनवतात त्या प्लाझ्मा पेशी, आणि त्यांच्यावर रिटुक्सिमॅबचा परिणाम होत नाही. त्यासाठी बोर्टेझोमिब, कार्फिल्झोमिबसारखी औषधं वापरतात. ती मला द्यायची वेळ आली तर म्हणून तयारी होती: हातापायांच्या नसांवर परिणाम, प्लेटलेट कमी होणं, नागीण उठू नये म्हणून आधीपासून गोळी, हे सगळं समजावून सही घेऊन ठेवली होती.

आता पैशाचं. सगळ्यात महाग आयव्हीआयजी पडते, कारण ती वजनावर मोजतात आणि पुन्हा पुन्हा लागते. मग रिटुक्सिमॅब, त्याचं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं तसंच औषध, घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, तेव्हा विचारून बघा. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये मशीनच्या संचाचा आणि अल्ब्युमिनचा खर्च वेगवेगळा लागतो, अंदाजपत्रकात दोन्ही आहेत ना ते तपासा. डीएसएची तपासणीही स्वस्त नसते, आणि ती पुढे कायम चालू राहणार असते.

विम्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण लिहिलं होतं, 'मंजूर नसलेला वापर'. ते एका अर्थानं खरं होतं. फुफ्फुसातल्या एएमआरसाठी म्हणून मंजूर झालेलं औषध माझ्या वेळी एकही नव्हतं. रिटुक्सिमॅब लिम्फोमासाठी, बोर्टेझोमिब मायलोमासाठी, असं सगळं दुसऱ्याचं घेऊन वापरायचं. मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत, आहेत ते केंद्रांचे आपापले छोटे अनुभव. दुसऱ्यांदा अर्ज करताना डॉक्टरांचं पत्र होतं, त्यात निदानाचे निकष एकेक करून मांडलेले. सोबत तीन डीएसए रिपोर्ट तारखांप्रमाणे, स्पायरोमेट्रीचा आलेख, बायोप्सी, संसर्ग नसल्याचे कल्चर, २०१६च्या निकषांची प्रत, आणि 'उपचार न केल्यास काय' असा एक परिच्छेद. तो परिच्छेद वाचताना नवरा खुर्चीतून उठून बाहेर गेला. मंजुरी आली, पूर्ण नाही, पण बरीच. उपचार मंजुरीसाठी थांबवले नव्हते. पैसे आधी भरावे लागले आणि मागाहून काही परत आले. फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती, तिचा उपयोग दोनदा झाला. डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक औषधाचा डोस आणि तारीख आहे ना, हे उठायच्या आधी वाचा. आमच्या कागदावर आयव्हीआयजीचा एक डोस राहिला होता आणि तेवढ्यावरून बिल अडलं.

जानेवारी २०२३मध्ये घरी आले. डीएसएचा आकडा अडीच हजारांवर आला होता आणि घरात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. मार्चमध्ये तो सहा हजार. मी हादरले. डॉक्टर मात्र हादरले नाहीत. अशी उसळी त्यांना अपेक्षित होती. त्यांनी आधी एफईव्ही-वन बघितला, तो १.९१वर स्थिर होता. चर्चा झाली, बोर्टेझोमिब हाताशी ठेवायचं ठरलं आणि दर महिन्याला आयव्हीआयजी सुरू ठेवली. उन्हाळ्यानंतर आकडा हळूहळू उतरला. मला बोर्टेझोमिब कधीच द्यावं लागलं नाही. माझ्याबरोबर भरती असलेल्या एका दादांना द्यावं लागलं, शिवाय पुढे फोटोफेरेसिसही (रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यावर औषध आणि किरणांचा उपचार करून परत देणं). त्यांचा रस्ता माझ्यापेक्षा लांब होता. म्हणून माझा क्रम म्हणजे सगळ्यांचा क्रम असं कुणी धरू नये.

रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने लसींना शरीर नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून फ्लूच्या लसीची वेळ विचारून ठरवली आणि घरातल्या सगळ्यांनी मात्र वेळेवर घेतली. जिवंत विषाणूंच्या लसी आम्हाला तशाही चालत नाहीत. त्या वर्षात सर्दी जरी झाली तरी फोन करायचा असा नियम होता. रक्तातली आयजीजीची एकूण पातळीही मधूनमधून बघितली, कारण हे सगळे उपचार नको त्या अँटिबॉडींबरोबर कामाच्या अँटिबॉडीही कमी करतात.

एफईव्ही-वन पुन्हा २.१वर गेला नाही. १.९५पर्यंत पोचला आणि तिथे थांबला. पहिले काही महिने मी रोज सकाळी त्या उरलेल्या दीडशे मिलिलिटरसाठी फुंकत होते, आणि नाही आले की दिवस खराब जायचा. मग फिजिओथेरपिस्टनी एकदा विचारलं, "जिने किती चढता?" पूर्वीइतकेच. सर्वोत्तम पातळीच्या वीस टक्के खाली जाऊन तो तिथेच राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला क्लॅड, म्हणजे नव्या फुफ्फुसाची कायमची घसरण म्हणतात, आणि एएमआर झालेल्यांना तिचा धोका जास्त असतो. माझी घट सात टक्क्यांच्या आसपास आहे. उपचारांचा हेतू गेलेलं परत आणणं हा कमी आणि घसरण थांबवणं हा जास्त होता, हे मला आधी कळलं असतं तर ते महिने जरा बरे गेले असते.

आता डीएसए दर तीन महिन्यांनी. डीक्यूची ती अँटिबॉडी अजून आहे, दीड हजारांच्या आसपास, कधी थोडी वर, कधी खाली. फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद असतो: दात्याविरुद्धची अँटिबॉडी कुठली, आजवरचे आकडे तारखांसह, मिळालेले सगळे उपचार, सर्वोत्तम एफईव्ही-वन, आणि रक्त चढवायचं झालं तर कसलं. आणीबाणीत अनोळखी डॉक्टरांना हा एक कागद दिला की पुढचं सांगायला सोपं जातं. दर तपासणीनंतर मी त्यात एक ओळ घालते आणि त्याची एक प्रत मुलीच्या फोनमध्ये जाते. पुढची ओळ घालायची आहे येत्या महिन्यात.